द दगडाचा

कोरडे सर रबाळे नाक्याच्या पीसीओतून
बातमी सांगायचे तेव्हा
नावं फोडून सांगायचे, एका कानात बोट घालून :
ग गवताचा. ल लसणाचा.
पलीकडे डेस्कवर वर्तकबाई
लाल रिफिलनं उतरवून घेत, मग विचारत,
"कुणी सांगितलं? आणि दुसरं कोण?"
त्या 'दुसरं कोण'चा मला वैताग यायचा.
मी नवी होते.

मंगळवारी एमआयडीसीत सॉल्व्हंटचं पिंप फुटलं.
गेटवरच्या माणसानं नाव ओरडून सांगितलं, सायरनमध्ये.
मी अर्धं टाइप केलं, उरलेलं फोननं सुचवलं,
आणि हर्षलचा हर्षद झाला.
मढवी दोघंही. अर्धं गोठिवली मढवीच.
ऑफिसचा मेसेज : टाक पटकन, बाकीच्यांकडे आलंय.
बाकीच्यांकडे आलं नव्हतं.
बाकीच्यांनी आमचंच उचललं.

सतरा मिनिटांनी मी द काढून ल घातला.
पडद्यावर साधा ओरखडा नाही.
भिंतीवरच्या टीव्हीत त्या बातमीची रेघ चढत गेली,
महिन्यातली सगळ्यात उंच.
कुणीतरी वडापाव मागवले.
मीही खाल्ला.

हर्षद रात्रपाळी करून झोपला होता,
आत्याच्या हंबरड्यानं उठला.
बाहेर आला तर चपलाच चपला,
आणि आत्याचा हात धरून, तिला पाणी पाजत
बसलेली हर्षलची बायको.
त्याला बघून ती हसली म्हणे. मोठ्यानं. देव पावला म्हणाली.
मग तिचा फोन वाजला.

हे मला हर्षदनंच सांगितलं,
आठ दिवसांनी, वाशीच्या ऑफिसात, खुर्चीच्या टोकावर बसून.
ठेकेदारानं हजेरीपटावरून नाव उडवलंय.
फॉरवर्ड दाखवतो. म्हणतो, पेपरवाल्यांकडून लिहून आण.
डेस्कवरच्या पोरानं पान उघडलं, स्क्रीन वळवली :
"बघा ना काका, बरोबरच आहे. दुरुस्त काय करायचं?"
काका जेमतेम तिशीचा.

पूर्वी दुसऱ्या पानाच्या तळाशी एक चौकट असायची, चूकभूल,
अंगठ्याएवढी.
कुणी वाचत नसे.
पण कापून पाकिटात ठेवता यायची.

मी वहीचं पान फाडलं. तारीख घातली.
चूक माझी, असं लिहिलं, खाली सही.
शिक्का मिळेना, तो मार्केटिंगच्या कपाटात.
तसंच घेऊन त्याच्या मागे स्कूटरवर बसून गेले.
ठेकेदारानं कागद उलटसुलट पाहिला.
"याची लिंक नाही का?"

वर क्रेन चालू होती, काही ऐकू येत नव्हतं.
मी एका कानात बोट घातलं
आणि त्याच्या हजेरीपटावर वाकून सांगू लागले :
ह. ह हत्तीचा.
मग र्ष.
मग द, साहेब, नीट लिहा,
द दगडाचा.