मापं

एकवीस वर्षं मी वेंगुर्ल्याची छाती मोजते आहे.
टेप काखेखालून फिरवायची, श्वास सोडा म्हणायचं,
आकडा वहीत टाकायचा, तोंडाकडे न बघता.
कुणाची डावी बाजू अर्धा इंच खाली आहे मला ठाऊक,
आणि ते मी कपड्यातल्या कपड्यात मिटवलेलं आहे.
रोझलिन फुर्तादच्या गाऊनला आतून काय लावलं
ते ती जाणे, मी जाणे.

माझं माप वहीत कधी गेलं नाही.

दोन बाळंतपणं, मग थायरॉईड,
मग एका वर्षात सतरा किलो उतरले.
कापड होतं तेवढंच राहिलं, आतलं माणूस आटलं.
आता काजूच्या बोंडासारखी दिसतात:
वर सुरकुतलेली, बी खाली लोंबते.

रत्नागिरीला दर दुसऱ्या शनिवारी
कोल्हापूरहून डॉक्टर येतात, वाघधरे मॅडम.
पडद्याआड उभं करून त्यांनी
जांभळ्या पेनाने माझ्यावर रेघा ओढल्या.
मला हसू आलं. माझा खडू तरी झटकला की जातो.

एक, उचलायचं, त्या म्हणाल्या. जादा कातडी काढून
आहे तेच वर बसवायचं.
दुसरं, भरायचं. टेबलावरचं एक त्यांनी हातात दिलं:
गार, आरपार, ओहोटीनंतर पोरं काठीने ढोसतात
ती जेलीफिश. कधीतरी बदलावं लागेल म्हणाल्या.
अस्तरही बदलतंच की, मी मनात म्हटलं.
नुसतं भरलं तर?
वजनाने आणखी ओघळेल.
नुसतं उचललं तर?
मोठं नाही होणार. जागेवर येईल.
दोन्ही एकदम? तेही होतं. खर्चही दोन्हींचा.

शिवण कुठे येणार, एवढंच मी नीट विचारलं.
त्यांनी कागदावर काढली: भोवती गोल,
तिथून सरळ खाली, मग घडीत आडवी.
हा तर होडीचा नांगर.
आम्हीही नांगरच म्हणतो, त्या म्हणाल्या.

घरी तांदूळ भरून बघा, अडीचशे सीसी.
मी मलमलच्या दोन पिशव्या शिवल्या, उकडे तांदूळ भरले,
आणि एक अख्खा दिवस त्या घालून मशीनवर बसले.
दुपारी सुई दिसेना. मान पुढे काढून
तीन ब्लाउजच्या बाह्या लावल्या, एक उलटी.
समोरचे हळदणकर दोनदा दुकानात डोकावले, सुट्टे मागायला.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
संध्याकाळी खांद्यावर पट्ट्यांचे वळ होते.

नवरा बंदरावर बर्फ फोडतो. त्याला सांगितलं.
‘तुजा तू बघ. माका कित्याक इचारतंस?’
मग दिवा गेल्यावर बऱ्याच वेळाने, भिंतीकडे तोंड करून:
‘दुखतला काय गो?’

कुणासाठी करताय, मॅडमनी विचारलं होतं.
मला उत्तर सुचलं नाही. बसमध्ये सुचलं, राजापूरच्या पुढे:
न्हाणीतून खोलीपर्यंत
छातीवर परकर बांधून चालत यायचं आहे,
हात आडवे न धरता. दहा पावलं.

फोन केला. म्हटलं, भर नको.
मला नुसते टक्स घाला.
त्या खूप हसल्या, मग तारीख दिली.

आषाढातली. लग्नसराई संपलेली, होड्या वर ओढलेल्या,
बर्फाचं काम बंद, माणूस घरी.
पुढचे काही आठवडे हात वर करायचे नाहीत.
फळा लिहून ठेवला आहे: दुकान बंद राहील.
कारण लिहायला जागा होती. लिहिलं नाही.

पिशव्या उसवल्या. तांदळाला माझ्या घामाचा वास.
तीनदा धुतले, चुलीवर ठेवले.
नवऱ्याने ताट पुढे ओढलं, म्हणाला,
आज पेज जास्त झाली गो.