कोरडी वाळू

उणे अडतीस.
याच्या खाली आकड्यांना काही अर्थ नसतो,
येरोफेय म्हणतो,
फक्त आवाज बदलतात.
नमद्याचे बूटसुद्धा दगडासारखे वाजतात.

एकाहत्तर डबे कोळसा.
खिंड अजून चार किलोमीटर वर.
रुळावर कांद्याच्या पापुद्र्याएवढंच काहीतरी पांढरं,
नखानं खरवडलं तर निघेल,
पण सहा हजार टनांना नख नसतं.

अँपियरचा काटा धपकन पडला.
वेगाचा काटा म्हणाला, चाळीस.
आणि खिडकीतलं बर्चचं झाड
होतं तिथंच.
वरची तार हिरवी-निळी तडतडत होती,
खाली चाकं गरगरत होती रिकाम्या जात्यासारखी,
जळल्या लोखंडाचा वास केबिनपर्यंत आला.

येरोफेयनं वीज तोडली, ब्रेक धरले.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
झोरिक्तो, उतर. नळी गोठली.

हातोडी, बादली, चहाचा रिकामा डबा.
नळीला एक ठोका. दुसरा.
तिसऱ्याला मी आजोबांची शिवी जोडली,
बुर्यात भाषेतली, घोड्यांसाठीची.
नळी ढिम्म.

*

डेपोमागं सेसेग्मा वाळूची भट्टी सांभाळते.
एकवीस वर्षं.
ओल चिमूटभर राहिली तरी नळीत खडा धरतो,
म्हणून ती मूठ उंच धरते आणि सोडते.
धार मध्ये तुटली, तर पोतं परत भट्टीत.
साहेब घड्याळ दाखवतात.
ती धार दाखवते.

वाळू इंगोदाच्या वळणावरची,
जुलैत ट्रकनं येते, मोसमभराची.
चाळणीत काय काय राहतं:
गोगलगाईचं कवच, गंजका गळ,
एकदा लाल प्लॅस्टिकची केसांची पिन.
खिडकीत ओळीनं मांडून ठेवलंय सगळं.
पिन कुणाची, ते तिला माहीत आहे असं वाटतं.
मी विचारलं नाही.

*

येरोफेयनं गाडी आधी मागं घेतली.
पहिल्या वर्षी मला वाटायचं, हा हरला.
मागच्या डब्यांचे ब्रेक धरलेलेच होते,
पुढचे एकमेकांवर येऊन टेकले,
कड्यांमधला ताण सुटला,
बोटभर, वीतभर.

एकाहत्तर डब्यांना एकदम उचलील
असं इंजिन अजून कुणी बांधलेलं नाही.
एकेकाला उठवावं लागतं.
पहिल्यानं दुसऱ्याला ढोसायचं,
दुसऱ्यानं तिसऱ्याला,
झोपाळू बिऱ्हाड पहाटेच्या गाडीला निघतं तसं.

मी चाकांपुढं चालत होतो, वाकून,
डब्यानं रुळावर जुलै ओतत.
हातमोज्याला वाळू चिकटत होती,
म्हणून उजवा हात उघडा.
थोड्या वेळानं तो माझा राहिला नाही.

मग दात करकरावेत तसा आवाज.
वाळूचं पीठ झालं,
चाकाच्या कडेनं धुरासारखं उडालं,
आणि चाक
या वेळी
गरगरलं नाही.

ठण्.
ठण्.
ठोके मागं मागं गेले, वळणाआड, जंगलात.
शेवटच्या डब्याचा ठोका कधीच ऐकू येत नाही.
तो लागला असं धरून चालायचं.

बर्चचं झाड हळूच मागं सरकलं.
गाडी माझ्यापेक्षाही सावकाश चालली होती,
मी शेजारून चाललो, बादली खडखडत,
येरोफेयनं खिडकीतून मान काढली,
आता काय पायीच येतोस का रे खिंडीत?

*

सकाळी सेसेग्मानं विचारलं,
किती खाल्ली?
सगळी.
तिनं मान हलवली, भट्टीत लाकूड सारलं.
उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून
तिच्या कपाचा ऊनपणा कळत नव्हता.
दुधाळ खारट चहा.
दुसऱ्या घोटाला दाताखाली कच्चकन काहीतरी आलं.

थुंकलो नाही.