लाभ

कंसात चांदणी टाकून काउंट केलं,
सहा हजार दोनशे अठरा.
चांदणी काढून तिथे 'नाव' लिहिलं,
पाच हजार आठशे एक.

खळदकर साहेब मागे उभे, हातात हेल्मेट.
"यातला खरा आकडा कुठला?
चार वाजता महापालिकेत सांगायचाय."

दोन्ही खरे, सर.
चांदणी ओळी मोजते, नाव नावं मोजतं.
जिथे नाव नाही तिथे नल,
आणि नल खिजगणतीत नसतो.
(हे मनात. तोंडाने म्हटलं, बघते.)

कसब्यातलं जन्मनोंदीचं दप्तर, साल एकसष्ट.
टायपिंगच्या पोरींना ओळीमागे पंचाहत्तर पैसे.
बिननावाच्या ओळीचे मिळतात का,
कंत्राटात लिहिलेलं नाही.

जुनं अक्षर लावायला मेमाणे काका येतात,
रेकॉर्ड खात्यातून निवृत्त, डब्यात रोज कारलं.
पान उजेडाकडे धरून म्हणाले,
"बारशाआधीची पोरं वेगळी.
त्यांचा रकाना कोराच असायचा.
ही वेगळी. यांची नावं लिहिली होती,
पानशेतच्या पाण्यात शाई गेली.
गच्चीवर दगड ठेवून वाळवलीत ही पानं."

मशीनला दोन्ही सारखेच.
न ठेवलेलं नाव आणि वाहून गेलेलं नाव,
नल आणि नल.
तेही एकमेकांशी समान नाहीत म्हणे,
विचारून बघा, उत्तर येत नाही.

नावानुसार रँक लावली.
चारशे सतरा जणांचा पहिला नंबर,
सगळे एकाच पायरीवर दाटीवाटीने,
आणि त्यांच्यामागची अंबू, सोमवार पेठ,
थेट चारशे अठरावी.
डेन्स रँक लावली तर अंबू दुसरी.
अंबूला यातलं काही माहीत नाही.

पेठेनुसार वाटणी केली,
तर प्रत्येक पेठेत मोजणी पुन्हा एकपासून.
आणि क्रमच सांगितला नाही
तर दर वेळी नवाच कुणी पहिला,
मशीनच्या हाताला जो आधी लागेल तो.

"आम्ही रद्द नोंदीचासुद्धा नंबर ठेवायचो,"
काका म्हणाले. "लाल रेघ मारून.
तुमच्यात डिलीट केलं की नुसती फट.
एकशे सहानंतर एकशे आठ,
सात कुठे गेला कुणी विचारत नाही."

मग त्यांनीच दाखवलं,
जन्मवेळ पेन्सिलीने लिहीत.
शिसं पाण्यात जात नाही.

म्हणजे क्रम होता.
नव्या रकान्यात वेळा भरल्या, दुपारचं जेवण राहिलं.
जिथे नाव नल, तिथे तारीख आणि वेळ लावून
रो नंबर.

पहिली ओळ:
एक जानेवारी, पहाटे चार दहा,
मुलगी, मंगळवार पेठ.
मी म्हटलं, एक.

"एक नाही," काका म्हणाले, "लाभ."
वडील भुसार बाजारात मापाडी होते त्यांचे.
पहिल्या मापाला कधी एक म्हणाले नाहीत.
लाभ, दोन, तीन,
काका बोटाने पडद्यावरच्या ओळी मोजत गेले,
काचेवर कारल्याच्या तेलाचे ठसे.
सत्तेचाळीसला खोकला आला, थांबले,
पुन्हा लाभपासून सुरू.

साडेचारला साहेबांचा मेसेज:
साधारण सहा हजार सांगून टाकलं.

काका दप्तराला दोरी बांधत होते.
"ती चार दहाची," म्हणाले,
"असेल कुठेतरी. आता म्हातारी.
नाव असणारच की तिला.
आपल्याकडेच नाहीये."