तांबडा कोंडा

कानाझावात बर्फाआधी वीज कडाडते, जानेवारीतही.
मिसोनो प्रयोगशाळेच्या दाराशी बूट झटकते,
पाठीवर पोतं. बापाच्या भट्टीतला तांबडा कोंडा.
"लोणच्याच्या बरणीलाही नको हा,"
एवढं बोलून त्याने तोंड बांधून दिलं होतं.

चाळीस वर्षं तोकुजी तांदूळ घासतोय
अर्धा दाणा उरेपर्यंत.
बाहेरचं सगळं उग्र, तेलकट;
साकेला हवा फक्त दाण्याचा पांढरा जीव.

तिची फिल्मही तशीच, भलती निर्मळ.
द्रव-स्फटिकाचे रेणू, ना धड पाणी ना धड खडा,
ऊब लागली की एकाच दिशेला माना करून उभे.
लांबीला ओढा, तारेला भारी.
कडेला नख लावा:
बांबूसारखी चिरत जायची, शेवटपर्यंत सरळ.
सतरा नमुने गेले.
अठरावा तिने चिमट्यात धरलाच नाही.

मग कोंडा. क्षारात उकळला, गाळला,
आम्ल घालून रात्रभर थंडीत ठेवला.
सकाळी तळाशी फिकट सुया, फेरुलिक आम्लाच्या,
ज्याच्या जोरावर भाताच्या सालीतल्या भिंती
एकमेकींना धरून असतात.
शंभरात पाच भाग.
"रांग मोडेल," ओगिता म्हणाला.
मोडली थोडी. मधेच एखादा रेणू
कोपर काढून उभा राहिला,
काखेतली छत्री न मिटणाऱ्या म्हातारीसारखा.
चीर आली, कोपराला अडली,
वळली,
दमली.

माझ्या भाषेत कोंड्याचा मांडा करतात, मी तिला सांगितलं,
आणि मांडा म्हणजे काय ते हात पसरून दाखवलं:
इतका पातळ की पलीकडचा माणूस दिसावा.
ती हसली. वहीत लिहिलं:
नमुना तेवीस, वीस मायक्रॉन, फाटला नाही.

रविवारी तिने बापासमोर दोन काळ्या काचा
आडव्या-उभ्या धरल्या. काळोखावर काळोख.
मधे फिल्म सरकवली,
आणि निळं, जांभळं, मोहरीच्या फुलांचं पिवळं
त्याच्या सुरकुतल्या अंगठ्याजवळ उगवलं.

तोकुजीने आधी वास घेतला. भट्टीवाल्यांची रीत.
मग नखाने कड खरवडली, एकदा,
पाठ फिरवून पुन्हा एकदा.
"उग्रपणा कुठे गेला?"
"आत आहे."

बराच वेळ छपरावरून बर्फ घसरत राहिला.
"पहिल्या घासणीचा वेगळा ठेवतो," तो म्हणाला,
"त्यात साल जास्त."