यंदा कात्री लागली नाही

खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
माझं काम एवढंच: कौल उचलायचं, डोळ्यासमोर धरायचं,
गव्हाच्या दाण्याएवढा बाक दिसला तर बाजूला टाकायचं.
टाकलेल्यांचा ढीग अजून आहे नदीच्या वाटेवर.
त्यात सरडे राहतात. त्यांची काही तक्रार नाही.

निवृत्तीनंतर हातांना
सरळ करायला काहीतरी हवं होतं.

डुरांटाच्या अकरा फांद्या आणल्या बेळगावहून,
कॅम्पातल्या लुईझाबाईंच्या अंगणातून,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर.
त्या म्हणाल्या, पेन्सिलीएवढी फांदी, खालची पानं ओरबाडून टाका,
तिरकी खोचा, पाणी बेतानं.
हे झाड मरायला मागत नाही.
आणि फळं पोरांना तोंडात घालू देऊ नका, विषारी असतात.
कसली फळं, ते मी विचारलं नाही.
कुंपणाला फळं कशाला?

आमच्या भागात कुंपण म्हटलं की
पाहुणे आवाज खाली आणतात, चष्मा पुसतात,
आता हा नकाशा काढणार, असं बघतात.
तसलं काही नव्हतं.
बसलिंगप्पा हुक्केरीची म्हैस माझी मेथी खायची.

अकरातल्या नऊ जगल्या.
आठ वर्षं, दर दुसऱ्या रविवारी,
दोन खुंट्या, सुतळी, आणि कात्रीचा आवाज.
कमरेएवढं हिरवं, वरून थाळीसारखं सपाट,
कुठल्याही साहेबानं पास केलं असतं.
फूल नाही. फळ नाही.
म्हटलं, बाईंचं झाड वेगळं असेल.

मग नागपंचमीच्या आदल्या दिवशी न्हाणीत घसरलो.
खुब्यात दोन स्क्रू.
खाटेवरून खिडकी, खिडकीतून कुंपण,
आणि कुंपण ऐकेना.
सुतळीची उंची ओलांडून फांद्या वर गेल्या,
मग आपल्याच वजनानं वाकल्या,
अर्ध्या माझ्याकडे, अर्ध्या म्हशीच्या गोठ्यावर.
काटे निघाले, जे मला ठाऊकच नव्हते.
दसऱ्याला निळी-जांभळी फुलं, त्यावर फुलपाखरांचा बाजार.
मुलगा म्हणाला, माणूस लावतो कापायला.
बायको म्हणाली, राहूदे की.
तिला विचारलं, का?
ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

मार्गशीर्षात जांबोटीकडून थंडी उतरली.
एका सकाळी धुकं उचललं गेलं
आणि खाली घोस लोंबत होते,
सौंदत्तीच्या भंडाऱ्याच्या रंगाचे,
ज्वारीपेक्षा मोठे, टोकाला इवलीशी चोच असलेले,
इतके, की फांदीला मान वर करता येईना.
त्यात एकही रेघ सरळ नव्हती.
मी बाजूला टाकायला काही शोधत राहिलो.

बाईंना फोन लावला. भाचीनं उचलला.
त्या गेल्या म्हणे, ईस्टरच्या आठवड्यात.
मग मीच काहीबाही बोललो, कुंपणाचं सांगितलं.
ती म्हणाली, अंकल, ते टोकाला फुलतं.
टोक कापत राहिलात तर कुठून येणार?
मी म्हटलं, हं.
रिसीव्हर ठेवला तरी हं म्हणत होतो.

आता काठी टेकत कुंपणापर्यंत जातो.
बुलबुल येतात, त्यांना ते विष बाधत नाही,
खातात, उडतात, कुठे टाकतात देव जाणे.
म्हैस मागच्याच वर्षी विकली गेली.
पलीकडे बसलिंगप्पाची नात, नीलांबिका,
पडलेली फळं ओढणीच्या जुन्या तुकड्यावर मांडते.
मी म्हणतो, तोंडात नाही घालायचं हं.
ती म्हणते, गोत्तु, अज्जा.
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु...
विसापर्यंत कानडीत जाते,
पुढे शाळेतलं इंग्रजी लागतं,
ट्वेंटी वन, ट्वेंटी टू,
एकोणतीसाला अडते आणि माझ्याकडे बघते, मराठीत:
आता काय म्हणायचं?

मीही मोजत होतो मनात,
पण माझंही मघाशीच कुठेतरी चुकलेलं.
म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून.
ती लगेच सगळी फळं विस्कटून टाकते.