शेऱ्याचा रकाना

अकरा वर्षं मी गुलाब मोजतेय.
नैवाशाच्या तळ्याकाठी, प्लॅस्टिकच्या छपराखाली,
टेबलावर ठोकलेली पट्टी: चाळीस, पन्नास, साठ.
देठ ठेवायचा, बघायचं, बादलीत टाकायचं.
चाळिसाच्या खालचं फूल विमानात बसत नाही.
ते गिलगिलच्या रस्त्यावर विकलं जातं,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

हल्ली मंगळवारी आणि गुरुवारी
पाळी सुटली की मी नाकुरूची माटाटू पकडते.
बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर
पदविका चालते. मनुष्यबळ व्यवस्थापन.
फी तीन हप्त्यांत. दुसरा अजून द्यायचाय.
नखांतला हिरवा रंग साबणाला दाद देत नाही,
म्हणून मी हात वहीखाली ठेवते.

पहिल्या दिवशी म्वोंगेली बाईंनी फळ्यावर
विषयाचं स्वाहिलीतलं नाव लिहिलं: रासिलिमाली वाटू.
माली म्हणजे धन. वाटू म्हणजे माणसं.
"आधी काय आलंय, बघून ठेवा," म्हणाल्या,
आणि खडू झटकून पुढे गेल्या.
मला वाटलं विनोद आहे. मी हसले.
एकटीच.

बरंच शिकले. नेमणूकपत्रात काय असावं,
बाळंतपणाची रजा कशी मोजावी,
आणि कुणाला काढून टाकण्याआधी
त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं,
त्याचा एक सोबती शेजारी बसवून.
कायदाच आहे तसा.
आमच्या शेडमध्ये त्याचं नावही कुणी काढलं नव्हतं.

मग आला मूल्यमापनाचा धडा.
बाईंनी घंटेच्या आकाराची रेघ काढली.
बहुतेक जण मधे. उजवीकडे थोडे.
डावीकडेही थोडे असायलाच हवेत.
मला फळ्यावर पट्टी दिसली. चाळीस.

घरचा अभ्यास: सोबतच्या पाच जणींना गुण द्या.
चौघींचं भराभर झालं.
पाचवी आवूर. टेबलाच्या पलीकडे, माझ्यासमोर उभी असते.
दोन वर्षांपासून हळू झालीय.
तिची एक बादली भरेतो माझ्या दोन भरतात,
मग मी दहा-वीस देठ गुपचूप तिच्याकडे सरकवते.
माझं दूध आटलं तेव्हा
तिनं माझ्या लेकाला पाजलंय.
वेग: पाचपैकी किती?

मी रकाना कोरा ठेवला.

वही परत आली. लाल शाईत एवढंच:
"कोऱ्यालाही कुणीतरी आकडा समजतंच.
तू नाही भरलास, तर कोण भरेल?"
मी बाईंना मनात शिव्या घातल्या.
गिलगिल मागे पडेपर्यंत घालत होते.

रात्री मोबाइलच्या उजेडात लिहिलं: वेग, दोन.
खरं होतं ते.
शेऱ्याला जागा दोन ओळींची.
मी कागद उलटला आणि मागे लिहीत सुटले:
शीतगृहातल्या गारठ्याचं, काट्यांचं,
तिच्या उजव्या मनगटाचं, ज्यानं आता
बरणीचं झाकणही फिरत नाही,
आणि नव्या पोरींना कात्री धरायला
ती कसं शिकवते त्याचं, आवाज न चढवता.
टेबल उंच करून द्या, लिहिलं.
शिकवायचं काम द्या, लिहिलं.
बॉलपेन संपत आलं तेव्हा थांबले.

बाईंना द्यायच्या आधी आवूरला दाखवलं.
जेवणाच्या सुट्टीत. उगालीचा घास हातातच होता तिच्या.
दोनच्या आकड्याशी बोट थांबलं.
मी उगाच रिकाम्या बादल्या मोजू लागले.
तिनं कागद उलटला. वाचताना ओठ हलत होते.

बऱ्याच वेळानं म्हणाली,
"बाकी सगळं बरोबर आहे.
पण उजवं नाही गं, डावं."
आणि हात पुढे केला.

अकरा वर्षं समोरासमोर.
तिचं डावं मला उजवीकडे दिसत होतं.

मी तिच्या बाजूला जाऊन बसले,
टेबलाच्या त्या अंगाला, पहिल्यांदाच,
आणि म्हटलं, सांग,
अजून काय काय चुकलंय.