नाटक कंपनीसाठी जागा

हिवराजभाऊ म्हणाले, प्रॉम्प्टर आहेस, वाचता येते तुले,
तूच पाह्य बाप्पा हे वेबसाइटचं.

म्हणून मी बसलो आहे वडशाच्या ऑफिसात.
ऑफिस म्हणजे एक शटर, दोन खुर्च्या,
चार मोसमांची पोस्टरं एकमेकांवर चिकटलेली,
वरच्या खलनायकाच्या फाटक्या मिशीतून
खालच्या नायिकेचा डोळा दिसतो.
आणि मोबाइलवर सतरा कंपन्या
मला जागा देऊ म्हणतात.

जागा मला कळते.
एकोणतीस वर्षं आम्ही जागाच घेत आलो:
धान निघालेल्या बांधीत, धुऱ्याला लागून,
बांधीवाल्याला नारळ, वायरमनला चहा,
रात्री दहाला पडदा,
पहाटे खुंट्या उपटल्या की मागे नुसती शेंगांची टरफलं.
ही जागा उपटायची नसते म्हणे.
कुठे आहे तेही दिसत नाही.
एक कंपनी सिंगापूर लिहिते,
एक नुसतंच ढग.

पहिली म्हणते, महिन्याला एकोणसाठ रुपये.
खाली मुंगीच्या अक्षरात: फक्त पहिल्या वर्षी.
मी जन्मभर बारीक अक्षरं मिणमिणत्या दिव्यात वाचली,
मला नाही दिसणार?
दुसऱ्या वर्षी दोनशे एकोणऐंशी.
आमचा एक पेटीवाला असाच होता,
दिवाळीला गोड बोलून यायचा
आणि ऐन मंडईच्या रात्री
भाता मिटून भाव सांगायचा.

दुसरी म्हणते अमर्याद. सगळंच अमर्याद.
अमर्याद बोलणाऱ्या ठेकेदाराचा मांडव
मी दुसऱ्या अंकात खाली बसलेला पाहिला आहे.

तिसरी स्वस्त, पण तीनशे जण एका सर्व्हरवर.
हे ऐकून शेवंताबाई कुमोटी म्हणाल्या,
एका मेकअपच्या खोलीत नऊ बाया राह्यलो आम्ही.
एकीले सर्दी झाली का नवाही जणी शिंकत होतो.
ते नोको घेऊ गा.

नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के वेळ चालू राहील,
हे मात्र सगळेच लिहितात.
उरलेल्याचा हिशेब मी पोस्टरच्या पाठीवर केला:
वर्षाला पावणेनऊ तास.
एक आख्खं नाटक, वर निम्मं.
पण कोणते पावणेनऊ?
वैशाखात बंद पडो खुशाल,
तेव्हा मीही पडूनच असतो.
भाऊबीजेच्या आठवड्यात,
गावोगावची मंडळं तारखा शोधत असताना पडलं तर?

म्हणून मी रात्री दीडला फोन लावले.
नट वाक्य विसरतो तो बहुधा दीडलाच.
सहा ठिकाणी बासरी वाजली.
एका यंत्राने मला तीनदा प्रिय ग्राहक म्हटलं.
सातव्या नंबरवर एक पोरगा,
आवाजात झोप, पण जागा,
भिलाईचा, डोलन साहू.
विचारलं, एकदम हजार लोक आले तर?
तो थांबला.
कागद चाळल्याचा आवाज नाही, काही नाही.
मग म्हणाला,
गिर जाएगा, अंकल. लेकिन मैं उठा दूँगा.

सकाळी हिवराजभाऊंनी विचारलं, काहून हीच?
त्या मोठ्या कंपनीचं केवढं नाव हाय.
मी म्हटलं, भाऊ,
त्याचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं.
एवढं मला ऐकू येते.

मग फॉर्म भरला.
कंपनीचं नाव. पत्ता. पिनकोड दोनदा चुकला.
भाऊ पैसे मोजून चहाला गेले.
शेवटी पासवर्ड,
खाली ताकीद: कोणालाही सांगू नका.
मी एकेक अक्षर टाइप केलं
आणि सवयीने,
ओठ न हलवता,
समोरच्या रिकाम्या खुर्चीला
हळूच सांगितलं.